आयनायझेशन एनर्जी: बाण पाठ करू नका, बाहेर पडणारा इलेक्ट्रॉन कुठे बसलाय ते बघा

पिरियॉडिक टेबलवर दोन बाण काढलेले असतात, डावीकडून उजवीकडे वाढते, वरून खाली कमी होते, आणि बरेच जण तेवढं पाठ करून पुढे सरकतात. मग बोरॉन येतो, ऑक्सिजन येतो, गॅलियम येतो, बाण तिथे काही चालत नाही, आणि मग हे सगळे अपवाद म्हणून परत वेगळे पाठ करायचे. हा उलटा कारभार आहे. खरं तर एकच प्रश्न विचारायची सवय लागली की यातलं नव्वद टक्के पाठांतर सुटतं: जो इलेक्ट्रॉन काढतोय तो आत्ता नेमका कुठे बसलाय आणि त्याला धरून कोण ठेवतंय? खाली तो प्रश्न कसा वापरायचा ते पायरी पायरीने लिहितोय. अणूची रचना, शेल, एस आणि पी ऑर्बिटल इतकं माहीत असेल तर पुरे.

पायरी १: आपण नेमकं काय मोजतोय ते पक्कं करा

वायू अवस्थेतला एकटा, सुटा अणू घ्यायचा आणि त्याचा सगळ्यात सैल धरलेला इलेक्ट्रॉन पूर्ण बाहेर काढायचा, त्याला जी कमीत कमी ऊर्जा लागते ती पहिली आयनायझेशन एनर्जी. "वायू" आणि "सुटा" हे दोन शब्द शोभेचे नाहीत. धातूच्या तुकड्यात किंवा पाण्यात काय होतं तो वेगळा हिशोब असतो. म्हणूनच सिझियमचा इलेक्ट्रॉन लिथियमपेक्षा कितीतरी सहज निघत असूनही पाण्यातल्या इलेक्ट्रोड पोटेन्शियलच्या यादीत (म्हणजे पाण्यात कोण किती सहज इलेक्ट्रॉन सोडतं त्या यादीत) लिथियम टोकाला जाऊन बसतो, कारण त्याच्या इवल्याशा आयनभोवती पाण्याचे रेणू जमतात तेव्हा भरपूर ऊर्जा सुटते.

आकडे दोन एककांत दिसतील, एका अणूसाठी इलेक्ट्रॉन व्होल्ट आणि एका मोलसाठी किलोज्यूल. १ इलेक्ट्रॉन व्होल्ट म्हणजे साधारण ९६.५ किलोज्यूल प्रति मोल. हायड्रोजनचे १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट आणि १३१२ किलोज्यूल ही एकच गोष्ट आहे. पुढे मी सगळीकडे किलोज्यूल प्रति मोलच वापरतोय, दर वेळी एकक लिहीत नाही.

आता एक गैरसमज इथेच काढून टाकू. "सोडियमला इलेक्ट्रॉन द्यायचाच असतो, तो आनंदाने देतो" असं सर्रास सांगितलं जातं. नाही देत. सोडियमकडून इलेक्ट्रॉन काढायला ४९६ मोजावे लागतात, आणि कुठल्याही न्यूट्रल अणूसाठी हा आकडा पॉझिटिव्हच असतो, म्हणजे ऊर्जा आपल्यालाच घालावी लागते. क्लोरीन तो इलेक्ट्रॉन घेतो तेव्हा सुटतात फक्त ३४९. म्हणजे या देवघेवीत १४७ चा तोटाच आहे! मीठ तयार होतं ते नंतर, हे दोन आयन एकमेकांजवळ येऊन स्फटिकात बसतात तेव्हा सुमारे ७८७ सुटतात, त्यात तो तोटा भरून निघतो. बाकी हिशोबात अजूनही टप्पे आहेत पण मुद्दा एवढाच की अणूला काही हवं-नको नसतं, कोणाची पकड ढिली आणि कोणाची घट्ट एवढाच फरक.

मोजतात कसं? अणूंवर प्रकाश टाकायचा आणि कुठल्या तरंगलांबीपासून इलेक्ट्रॉन सुटायला लागतात ते बघायचं. सोडियमसाठी ती साधारण २४१ नॅनोमीटर येते, हायड्रोजनसाठी ९१.२, म्हणजे दोन्ही अल्ट्राव्हायोलेट. १९१४ मध्ये फ्रँक आणि हर्ट्झ या भौतिकशास्त्रज्ञांनी पाऱ्याच्या वाफेतून इलेक्ट्रॉन सोडले, त्यांना ४.९ व्होल्टला परिणाम दिसला आणि सुरुवातीला त्यांना वाटलं की ही पाऱ्याची आयनायझेशन एनर्जी. प्रत्यक्षात तिथे इलेक्ट्रॉन बाहेर पडत नव्हता, अणूच्या आतच वरच्या पातळीवर उडी मारत होता, पूर्ण बाहेर पडायला १०.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. उडी मारणं आणि सुटणं यातला फरक लक्षात ठेवा, व्याख्येतला "पूर्ण बाहेर" त्यासाठीच आहे.

पायरी २: पहिल्या २० मूलद्रव्यांचा ग्राफ स्वतःच्या हाताने काढा

हे टाळू नका. तयार ग्राफ बघून "हो हो, कळलं" होतं आणि दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही. आडव्या रेषेवर अणुक्रमांक, उभ्या रेषेवर हे आकडे:

हायड्रोजन १३१२, हेलियम २३७२
लिथियम ५२०, बेरिलियम ९००, बोरॉन ८०१, कार्बन १०८६, नायट्रोजन १४०२, ऑक्सिजन १३१४, फ्लोरिन १६८१, निऑन २०८१
सोडियम ४९६, मॅग्नेशियम ७३८, ॲल्युमिनियम ५७८, सिलिकॉन ७८७, फॉस्फरस १०१२, सल्फर १०००, क्लोरीन १२५१, आर्गॉन १५२१
पोटॅशियम ४१९, कॅल्शियम ५९०

बिंदू जोडलेत की तीन गोष्टी दिसतील. नोबल गॅसवर (हेलियम, निऑन, आर्गॉन) शिखर आणि लगेच पुढच्या अल्कली धातूवर (लिथियम, सोडियम, पोटॅशियम) धाडकन कडा. शिखरं एकापेक्षा एक बुटकी होत जातात. आणि प्रत्येक लांब चढावर दोन बारीक खड्डे, नेमके त्याच दोन जागी. हे आकडे पाठ करायचे नाहीत, आकार डोक्यात बसला की झालं.

पायरी ३: तीन प्रश्न

कुठलाही अणू समोर आला की क्रमाने विचारा.

एक, केंद्रकावर किती प्रोटॉन आहेत? जास्त प्रोटॉन, जास्त ओढ.

दोन, निघणारा इलेक्ट्रॉन किती लांब आहे, म्हणजे कितव्या शेलमध्ये? लांबचा सैल.

तीन, मध्ये कोण उभं आहे? यालाच शिल्डिंग म्हणतात. शेकोटीभोवती लोक दोन-तीन वर्तुळांत उभे असले की आतल्या वर्तुळातले लोक तुमची धग अडवतात, पण तुमच्याच वर्तुळात शेजारी उभा असलेला माणूस फारशी अडवत नाही. इलेक्ट्रॉनचंही तसंच, आतल्या शेलमधले चांगलं शिल्डिंग करतात, त्याच शेलमधले अर्धवटच.

या तिसऱ्या प्रश्नाला ढोबळ आकडा द्यायची सोय स्लेटर या भौतिकशास्त्रज्ञाने १९३० मध्ये करून ठेवली. एस आणि पी इलेक्ट्रॉनसाठी नियम असा: त्याच शेलमधला प्रत्येक सोबती ०.३५ अडवतो, एक शेल आतला ०.८५, त्याहून आतला पूर्ण १ (पहिल्या शेलपुरता सोबत्याचा आकडा ०.३०). प्रोटॉनच्या संख्येतून ही बेरीज वजा केली की त्या इलेक्ट्रॉनला जाणवणारा इफेक्टिव्ह चार्ज मिळतो. लिथियम: ३ वजा १.७ म्हणजे १.३. निऑन: १० वजा २.४५ वजा १.७ म्हणजे ५.८५. म्हणजे दर घराला प्रोटॉन १ ने वाढतो पण नवा आलेला सोबती ०.३५ च अडवतो, निव्वळ ०.६५ ची ओढ दर वेळी वाढत जाते, शेल मात्र तोच. डावीकडून उजवीकडचा बाण म्हणजे एवढंच.

आता खाली उतरा. सोडियमला याच पद्धतीने २.२ येतात. पोटॅशियमलाही २.२. रुबिडियमलाही २.२! ओढ तीच (निदान या ढोबळ हिशोबात), पण इलेक्ट्रॉन तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या शेलमध्ये, म्हणून ४९६, ४१९, ४०३. ग्रुपमध्ये खाली जाताना "प्रोटॉन तर वाढतायत, मग एनर्जी कमी का" हा प्रश्न नवख्यांना नेहमी पडतो, त्याचं उत्तर या तीन २.२ मध्ये आहे. वाढलेले प्रोटॉन वाढलेल्या शिल्डिंगने खाल्ले, उरलं अंतर.

पायरी ४: ते दोन खड्डे

पहिला खड्डा, बेरिलियम ते बोरॉन, ९०० वरून ८०१. बेरिलियममधून २एस चा इलेक्ट्रॉन निघतो, बोरॉनमधून २पी चा. शेल एकच पण २एस चा इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या अगदी जवळपर्यंत डोकावून येतो, २पी तेवढा आत शिरत नाही आणि त्यात २एस मधले दोघं त्याच्या वाटेत थोडे आडवे येतात. स्लेटरच्या नियमात एस आणि पी एकाच पिशवीत टाकलेत, म्हणून हा खड्डा त्या हिशोबात दिसत नाही. ढोबळ साधन आहे ते, त्याच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवायची. मॅग्नेशियम ते ॲल्युमिनियम, ७३८ वरून ५७८, तीच गोष्ट एक मजला खाली.

दुसरा खड्डा, नायट्रोजन ते ऑक्सिजन, १४०२ वरून १३१४. इथे जवळपास सगळीकडे एकच वाक्य मिळतं, "नायट्रोजनचं पी ऑर्बिटल अर्धं भरलेलं असतं म्हणून तो स्थिर". परीक्षेत मार्क मिळतात याने, पण माझ्या मते हे कारण नाही, नुसतं लेबल आहे. स्थिर का, ते कुठे सांगितलं? नायट्रोजनमध्ये तीन पी ऑर्बिटलमध्ये तीन इलेक्ट्रॉन एकेकटे बसतात, स्पिन (इलेक्ट्रॉनचा अंगचा गुण, त्याच्या दोनच दिशा असतात) एकाच दिशेचे, आणि तसे असले की ते एकमेकांना टाळून राहतात. ऑक्सिजनमधल्या चौथ्याला मात्र कुणाच्या तरी ऑर्बिटलमध्ये उलट्या स्पिनने शिरावं लागतं, तिथे दोघांमधलं रिपल्शन (एकमेकांना दूर ढकलणं) वाढतं आणि तो काढायला सोपा जातो.

आणि हे तपासून बघता येतं, ग्राफ समोर आहेच. बोरॉन ते कार्बन २८५ ची वाढ, कार्बन ते नायट्रोजन ३१६. मग ऑक्सिजन ते फ्लोरिन ३६७, फ्लोरिन ते निऑन ४००. म्हणजे चढ कुठेच थांबलेला नाही. बोरॉन-कार्बन-नायट्रोजनची रेषा तशीच पुढे ओढा, ऑक्सिजन, फ्लोरिन आणि निऑन तिघंही त्या रेषेच्या बरेच खाली पडलेले दिसतील. नायट्रोजन काही विशेष स्थिर असता तर तो एकटा वर उचललेला दिसला असता, इथे तर पुढचे तिघंही खाली सरकलेत, कारण तिघांमध्येही निघणारा इलेक्ट्रॉन जोडीतला आहे.

शिवाय खाली जाताना हा खड्डा बुजत जातो. फॉस्फरस-सल्फरमध्ये फक्त १२ चा फरक, आर्सेनिक ९४४ आणि सेलेनियम ९४१, आणि अँटिमनी साधारण ८३० तर टेलुरियम ८६९, तिथे खड्डाच नाही! ऑर्बिटल मोठं झालं की जोडीतल्या दोघांना मोकळी जागा मिळते, रिपल्शन कमी होतं. (खाली खाली इलेक्ट्रॉनच्या स्पिन आणि कक्षेची आपसातली गुंतागुंतही वाढते, ती इथे सोडून देऊ.)

पायरी ५: खाली उतरताना जिथे पाय घसरतो

ॲल्युमिनियम ५७८, त्याच्याखाली गॅलियम ५७९. कमी व्हायला हवी होती ना? मधल्या १० घरांत थ्री-डी ऑर्बिटल (तिसऱ्या शेलमधलं डी, एस आणि पी नंतरचा प्रकार) भरलं गेलं, १० प्रोटॉन वाढले आणि डी इलेक्ट्रॉन शिल्डिंगच्या बाबतीत कच्चे. स्लेटरने काढलंत तर ॲल्युमिनियमला ३.५ आणि गॅलियमला ५.०, अंतर वाढलं पण ओढही वाढली, बरोबरी झाली. पुढे इंडियम ५५८ आणि त्याखाली थॅलियम ५८९, म्हणजे वाढलीच, कारण मध्ये १४ एफ इलेक्ट्रॉनही (एफ म्हणजे डी नंतरचा प्रकार) येऊन गेले आणि ते शिल्डिंगमध्ये डीपेक्षाही कच्चे.

ट्रान्झिशन मेटल्समध्ये (टेबलच्या मधल्या पट्ट्यातले, डी भरणारे धातू) आडव्या दिशेने फार काही घडत नाही. स्कँडियम ६३३ पासून तांबं ७४५ पर्यंत नुसती रडतखडत वाढ, कारण नवा इलेक्ट्रॉन आतल्या थ्री-डी मध्ये जातो आणि निघतो मात्र बाहेरचा ४एस. "आधी ४एस भरतो मग थ्री-डी, म्हणजे काढताना उलट्या क्रमाने" असं समजून लोहाच्या आयनाची रचना चुकवणारे खूप. काढताना आधी ४एस च जातो. उभ्या दिशेने मात्र गंमत आहे: तांबं ७४५, चांदी ७३१, सोनं ८९०. जस्त ९०६, कॅडमियम ८६८, पारा १००७. सोन्या-पाऱ्याच्या केंद्रकावर इतका चार्ज आहे की आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या लक्षणीय भागाने फिरतात, रिलेटिव्हिटीचा परिणाम दिसायला लागतो आणि एस ऑर्बिटल आत ओढलं जातं. त्याच कारणाने सगळ्यात कमी आयनायझेशन एनर्जी टेबलच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातल्या फ्रान्सियमची नाही. सिझियम ३७६, फ्रान्सियम साधारण ३९३. बाणावर विश्वास ठेवला की हे हमखास चुकतं.

पायरी ६: एकापाठोपाठ एक इलेक्ट्रॉन काढा

पहिला काढल्यावर दुसरा काढायला जी लागते ती दुसरी आयनायझेशन एनर्जी, ती नेहमी पहिल्यापेक्षा जास्त. इथे बघायची असते ती उडी. सोडियम: ४९६, मग एकदम ४५६२. मॅग्नेशियम: ७३८, १४५१, मग ७७३३. ॲल्युमिनियम: ५७८, १८१७, २७४५, मग ११५७७. उडी कुठे आली ते मोजा, त्याच्या आधी जितके इलेक्ट्रॉन निघाले तितके बाहेरच्या शेलमध्ये होते. अनोळखी मूलद्रव्याचे आकडे देऊन ग्रुप ओळखायला सांगतात तो प्रश्न म्हणजे फक्त एवढंच, उडी तिसऱ्यानंतर असेल तर ग्रुप १३.

केंद्रकाची ओढ एकटी वेगळी बघायची असेल तर सारख्या इलेक्ट्रॉनचे अणू-आयन शेजारी ठेवा. फ्लोराइड आयन, निऑन, सोडियम आयन, मॅग्नेशियमचा दोन प्लसवाला आयन, सगळ्यांकडे १० इलेक्ट्रॉन, रचना तीच. इलेक्ट्रॉन काढायला लागतात अनुक्रमे ३२८, २०८१, ४५६२, ७७३३. शेल तोच, सोबती तेवढेच, फक्त प्रोटॉन एकेकाने वाढले. मला विचाराल तर या विषयातले सगळ्यात बोलके चार आकडे हेच.

याचा उपयोग काय असं कुणी विचारलं तर नील बार्टलेट या रसायनशास्त्रज्ञाची गोष्ट सांगा. १९६२ मध्ये त्याच्या लक्षात आलं होतं की प्लॅटिनम हेक्साफ्लोराइड ऑक्सिजनच्या रेणूकडूनसुद्धा इलेक्ट्रॉन काढून घेतं. मग त्याने आकडे पाहिले, ऑक्सिजनच्या रेणूची आणि झेनॉनची (११७०) आयनायझेशन एनर्जी जवळजवळ सारखी निघाली. म्हणजे झेनॉनकडूनही निघायला हवा की! केलं, आणि नोबल गॅस कशाशीच संयोग पावत नाहीत ही समजूत तिथेच मोडली.

पायरी ७: तुलना करायचा प्रश्न आला की

आधी कोणत्या नंबरची एनर्जी विचारलीय ते वाचा, पहिली की दुसरी. दुसरी असेल तर प्रत्येकाचा एक इलेक्ट्रॉन काढून टाका आणि उरलेल्या आयनाची रचना लिहा, मग तीन प्रश्न त्या आयनाला विचारा, मूळ अणूला नाही. क्रोमियम आणि मँगनीज यांच्यात दुसरी कोणाची जास्त? क्रोमियमचा एकुलता ४एस पहिल्याच फेरीत गेला, आता थ्री-डी मधून काढावा लागणार, १५९१. मँगनीजकडे अजून एक ४एस शिल्लक आहे, १५०९. तांबं-जस्तामध्येही असंच, १९५८ आणि १७३३, पहिल्या एनर्जीच्या बरोबर उलटा क्रम.

सरावाला एक देतो. बोरॉन, कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरिन यांच्या दुसऱ्या आयनायझेशन एनर्जीचा चढता क्रम लावा. पहिल्या एनर्जीचा ग्राफ डोळ्यासमोर आणून उत्तर दिलंत तर चुकणार. एकेक इलेक्ट्रॉन काढा: बोरॉनच्या आयनात बाहेर २एस चे दोन उरले, म्हणजे तो इलेक्ट्रॉन-रचनेने बेरिलियमसारखा झाला, कार्बनचा आयन बोरॉनसारखा, ऑक्सिजनचा नायट्रोजनसारखा आणि फ्लोरिनचा ऑक्सिजनसारखा. म्हणजे ते दोन्ही खड्डे तसेच्या तसे एक घर उजवीकडे सरकले, आता ते कार्बन आणि फ्लोरिनवर आले. क्रम लागतो कार्बन २३५३, बोरॉन २४२७, नायट्रोजन २८५६, फ्लोरिन ३३७४, ऑक्सिजन ३३८८. तिसऱ्या एनर्जीला खड्डे कुठे येतील ते आता तुम्हीच काढा.